झोपेची प्रतवारी

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील समस्त नागरिकांस, विशेषतः अकोटच्या बाजारातून दुपारी ये-जा करणाऱ्या स्त्री-पुरुषांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक रोज जेवणानंतर बसस्टँडमागच्या गल्लीत, एका गादीच्या दुकानात, रस्त्यावरून स्पष्ट दिसेल असा उताणा पडलेला असतो. त्यास फिट आली आहे, तो पिऊन पडला आहे किंवा तो गेला आहे, अशा समजुतीने कोणीही त्याच्या तोंडावर पाणी मारू नये, नाकाला कांदा लावू नये, अथवा त्याच्या घरी फोन करू नये. तो कामावर आहे.

हे तिन्ही प्रकार एकेकदा होऊन गेले आहेत, म्हणून सांगून ठेवलेलं बरं.

मी गाद्या झोपून तपासतो. त्याआधी मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. पन्नाशीच्या जरा पलीकडे गेलो आणि केंद्रं एकेक करून मिटत गेली, तेव्हा स्वेच्छानिवृत्तीचा कागद समोर आला. स्वेच्छा कोणाची, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. मी सही केली, गळ्यात हार पडला, पेढा मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, बूट घालून मी आमच्याच घराच्या ओट्यावर उभा राहिलो. बराच वेळ. जायचं कुठंच नव्हतं, पण पायांना ते कोणी कळवलं नव्हतं.

ग्रेडर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कापूस येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकरी गाडी भरून कापूस आणतो. वरून सगळाच कापूस पांढराशुभ्र असतो. माणसंही वरून तशीच असतात. ग्रेडरनं गाडीवर चढायचं, बाही दुमडायची आणि हात थेट खांद्यापर्यंत ढिगात घालायचा. आतला माल ओला आहे का, किडका आहे का, हे बोटांना समजतं. मग एक पुंजका काढून दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, ओढायचा, जोडायचा, पुन्हा ओढायचा, तंतू एका रेषेत येईपर्यंत. तो काळ्या कापडावर ठेवला की धाग्याची लांबी दिसते. मग प्रत सांगायची, मोठ्यानं. झालं काम.

त्यातली एक गोष्ट मात्र मी नोकरीत असताना कोणाला सांगितली नाही. हिवाळ्याच्या सकाळी बाहेर बोटं वाकत नसत, पण कापसाच्या ढिगाच्या पोटात ऊब असे, झोपलेल्या गाईच्या कुशीसारखी. नमुना बोटांना लागला तरी मी हात लगेच बाहेर काढत नसे. डोळे आपोआप मिटत. खाली उभी माणसं एकमेकांना सांगत, ग्रेडरसाहेब लय बारकाईनं पाहून राहिले. ग्रेडरसाहेब उभ्या-उभ्या स्वप्न पाहत असत.

निवृत्त झाल्यावर ढीग गेला, प्रत सांगायची सवय तेवढी राहिली. पोहे आले की मी चिमटीत धरून उजेडात पाही. तुरीच्या डाळीत हात कोपरापर्यंत घाली. "हळद दुसऱ्या प्रतीची आहे," असं पाहुण्यांसमोर जाहीर करी. आमची शोभा शांत बाई. पण भाकरीचा पापुद्रा ओढून मी त्याची लांबी डोळ्यांनी मोजायला लागलो, तेव्हा तिनं ताटच मागे घेतलं.

"अहो, तुमी भाकर पाहू नका. नुसती खा."

"मी काही बोललो का?"

"बोलून नाई राहिले, पाहून राहिले ना! बोलनाऱ्या मानसाले उत्तर तरी देता येते."

दुसऱ्या दिवशी तिनं एक जुनी उशी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, गफूरभाईकडे नेऊन पिंजून आणा, आणि होईपर्यंत तिथंच बसा. उशी पिंजायला असा किती वेळ लागतो! मी घरी परतलो तेव्हा गल्लीतले दिवे लागले होते, माझ्या केसांत, मिशीत, भुवयांत कापूस होता, आणि शोभानं विचारलं तेव्हा लक्षात आलं की उशी तिकडेच राहिली.

गफूरभाई माझ्याहून वीस-एक वर्षांनी मोठे. पिढीजात पिंजारी. दाढी कुठं संपते आणि कापूस कुठं सुरू होतो, हे मला अजून कळलेलं नाही. दुकानात आता पिंजायचं यंत्र आहे, त्याची घरघर दिवसभर चालते. त्यांच्या वडिलांची हातानं कापूस पिंजायची धनुकली मात्र भिंतीवर टांगलेली आहे. तिच्या तातीवर लाकडी मुठीनं ठोकलं की सूर निघे आणि कापूस हवेत उडे. तो आवाज लहानपणी मी झोपेत ऐकलेला आहे, दुपारी, आईच्या शेजारी पडून. आता तो कुठंच येत नाही. फोमच्या गादीला तर आवाजच नसतो. ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली येते, सोडली की आपोआप फुगते, आणि तिच्यावर निजलं की माणूसही फुगल्यासारखा वाटतो.

"तुम्ही कधी निवृत्त होणार?" मी पहिल्याच दिवशी गफूरभाईंना विचारलं.

"मेरेकू कौन रिटायर करेगा, ग्रेडरसाब? साहेब बी मीच, चपराशी बी मीच. अर्ज कोनाले देऊ?"

गादी कशी होते, तेही सांगतो. जुना किंवा नवा कापूस पिंजून मोकळा करायचा. खोळीत भरायचा. काठीनं मारून मारून सगळीकडे सारखा पसरवायचा. मग मोठ्या दाभणानं टाके घालायचे, म्हणजे कापूस जागचा हलत नाही. गादी दिसायला तयार झाली तरी ती अजून नुसती पिशवीच असते. तिच्यावर माणूस झोपला, कुशीवर वळला, त्याचा भार पडला, की कुठं गोळा राहिला, कुठं खळगा पडला, ते समजतं. हे गफूरभाई स्वतः करत. पण वयामुळं एकदा पडले की त्यांना उठवायला दोन माणसं लागत. ती जागा रिकामीच होती. मी अर्ज न करता रुजू झालो.

खरं सांगतो, प्रत्येक कापसाची झोप वेगळी असते. लांब धाग्याच्या रुईवर, म्हणजे सरकी काढलेल्या कापसावर, स्वप्न लांब पडतं, तुटत नाही. मी एकदा अशा गादीवर पडून अख्खा मेळघाट पायी उतरलो आणि खाली कोणीतरी ताक घेऊन उभं होतं. आखूड धाग्याचं स्वप्न ऐन जिलबी पानात पडताना तुटतं. सरकीचे तुकडे राहिले असतील तर स्वप्नात हमखास वरिष्ठ तपासणीला येतात. आणि जुन्या गादीचा पुन्हा पिंजलेला कापूस असेल, तर कधीकधी दुसऱ्याच कोणाची तरी स्वप्नं पडतात: अनोळखी अंगण, अनोळखी बाई, ती मला भलत्याच नावानं जेवायला बोलावते, आणि मी जातो. गफूरभाई म्हणतात, हा सगळा दुपारच्या वरणभाताचा प्रताप आहे. म्हणोत.

गिऱ्हाइकं विचारू नका. जवळच्या खेड्यातल्या एक पाटलीणबाई घरच्या शेतातला कापूस जीनवरून रुई करून घेऊन आल्या आणि आम्ही तो बदलू नये म्हणून पदर खोचून यंत्राशेजारी बसल्या. पिंजून झालं, भरून झालं, टाके झाले, बाई हलल्या नाहीत. मी म्हटलं, "पडून पाहा." त्या जरा लवंडल्या आणि गाढ झोपल्या. तासाभरानं उठल्या, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झोप तं सोन्यासारखी झाली. पन मी झोपली होती तवा तुमी कापूस बदलला नसन कशावरून?" त्यांच्यासमोर अख्खी गादी उसवावी लागली. जाताना त्यांनी मला विचारलं, "अन् भाऊ, तुमी इथं काय करता?" मी खरं ते सांगितलं. बाई गल्लीच्या टोकापर्यंत मागं वळून वळून पाहत गेल्या.

दुकानावर एक पाटी आहे: झोप न आल्यास गादी परत. गफूरभाईंच्या वडिलांनी रंगवून घेतलेली. आजवर तिचा आधार कोणी घेतला नव्हता. मग या उन्हाळ्यात भगवानराव आले.

आले म्हणजे आणले गेले. त्यांच्या पत्नी लीलाबाई त्यांना दंडाला धरून घेऊन आल्या. माणूस चांगला दणकट, एसटीतला निवृत्त ड्रायव्हर. उजवा हात डाव्यापेक्षा काळा, कारण सगळी नोकरी खिडकीतलं ऊन त्या हातावर पडलं. डोळे मात्र तिखट लागल्यासारखे लाल आणि कपाळावर पट्टी.

"गादीवाले, यायले झोपवा," लीलाबाई म्हणाल्या.

"कैसी गादी होना, बहनजी?" गफूरभाईंनी विचारलं.

"गादी नको. झोप पायजे. गादीतून येत असन तं गादी द्या."

भगवानराव दिवाळीच्या सुमाराला निवृत्त झाले, आणि तेव्हापासून त्यांची झोप गेली. ना रात्री, ना दुपारी. डोळा लागला असं वाटेपर्यंत दचकून उठत आणि घरात चकरा मारत. डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, तळपायाला तेल झालं, दुधात जायफळ झालं. चार दिवसांपूर्वी ओट्यावर बसल्या बसल्या तोल गेला आणि ते खाली आले, कपाळ फुटलं.

"आज ओट्यावरून पडले," लीलाबाई म्हणाल्या. "उद्या रस्त्यात पडन हा मानूस, अन् मांगून एखादी गाडी…"

"काई होत नाई मले," भगवानराव म्हणाले. "इले उगीच भेव वाटते."

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आमच्या दोघांचं मिळून जेवढं आयुष्य कापसात गेलं होतं, तेवढं सगळं पणाला लागलं.

पहिली गादी लांब धाग्याच्या नव्या रुईची केली, लोण्यासारखी. भगवानराव दुपारी तिच्यावर पडले, मी शेजारच्या गादीवर. मला जाग आली तेव्हा ते मांडी घालून बसले होते आणि माझ्याकडे पाहत होते.

"लय झोपता जी तुमी," ते म्हणाले. आवाजात हेवा होता.

दुसरी गादी जरा दाबून भरली. तिसरी पातळ आणि कडक. प्रत्येक दुपारी लीलाबाई दुकानासमोरच्या पायरीवर बसत, आत पाहत, आणि संध्याकाळी नवऱ्याला घेऊन घरी जात. तिसऱ्या दिवशी गफूरभाई पाटीकडे पाहून म्हणाले, "अब्बा होते तं त्यायनं मले आज दुकानाबाहेर काढलं असतं."

मग मला एक शहाणपणाचा प्रश्न सुचला. मी विचारलं, "भगवानराव, तुम्हाला सगळ्यात चांगली झोप कुठं लागायची?"

"वस्तीच्या गाडीत," ते लगेच म्हणाले.

शहरातल्या वाचकांसाठी: संध्याकाळची शेवटची एसटी आडवळणाच्या गावी जाते, तिथंच मुक्काम करते, आणि सकाळची पहिली गाडी म्हणून तीच परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात. भगवानरावांची वस्ती वर्षानुवर्षं परतवाड्याच्या पुढं, मेळघाटाच्या पायथ्याच्या एका गावात असे.

"मांगच्या लांब सीटवर पडत होतो," ते सांगू लागले. "खिडक्या उघड्या. इंजिन थंड होताना टिकटिक करते, ते आयकत राहाचं. उन्हाळ्यात मोहाचा वास येते. जंगलातून वारा सुटला की गाडी अशी जराशी हालते, पाळण्यावानी. कवा झोपलो ते समजतच नसे. मेल्यावानी झोपत होतो. मंग सकाळी दूधवाले येऊन पत्रा वाजवत: उठा जी ड्रायवरसाहेब, चा आनला."

ते बोलत होते तसतशी दुकानातली दुपार हिरवी होत गेली. यंत्राची घरघर लांब गेली, हवेतला कापूस मोहाच्या फुलांसारखा टपटप पडू लागला, आणि मला वाटतं मी ऐकता ऐकता पुन्हा झोपलोच असतो. पण गफूरभाई उठून उभे राहिले होते. "सीट!" ते म्हणाले. "ग्रेडरसाब, सीट!"

आता याला काय म्हणावं? ज्यांचा सगळा जन्म माणसांच्या पाठीखाली काय घालावं या विचारात गेला, त्यांना उत्तरही पाठीखालीच सापडणार. मी अकोल्याला गेलो, भंगाराच्या दुकानांतून हिंडलो, आणि बसची मागची अखंड सीट टेम्पोत टाकून घेऊन आलो. रेक्झिन फाटलेलं, स्प्रिंगा बाहेर. ती दुकानात मांडली. वाऱ्यासाठी टेबलफॅन लावला. एका चिंधीवर डिझेलचे थेंब टाकून ती पायथ्याशी ठेवली, ही माझी कल्पना. भगवानराव आडवे झाले, तसे गफूरभाई एक टोक धरून सीट गदगदा हलवू लागले.

"गफूरभाई," भगवानराव डोळे मिटूनच म्हणाले, "वस्तीत गाडी उभी रायते जी. चालत नाई."

गफूरभाईंनी हात काढला. आम्ही श्वास रोखून बसलो. समोरच्या पायरीवर लीलाबाईंनी हात जोडले होते. पंखा फिरत राहिला. मग भगवानराव उठले आणि सीटवरून हात फिरवत म्हणाले, "सीट बरोबर हाय. मीच बरोबर नाई."

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. शोभानं विचारलं, काय झालं? म्हटलं, पहिल्यांदाच एक नमुना हाताला लागून राहिला आहे आणि प्रत सांगता येत नाही. ती म्हणाली, "मानूस आहे तो, कापूस नव्हे." तेवढंच म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं.

पुढच्या दिवशी दुकानात वेगळीच धांदल होती. वरूडच्या एका संत्रा बागायतदाराकडे लग्न होतं, पाहुण्यांसाठी गाद्यांची मोठी ऑर्डर होती, आणि त्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचायच्या होत्या. गाद्या तयार, पण टेम्पो चालवणारा गफूरभाईंचा पुतण्या तापानं फणफणला होता. भगवानराव सवयीनं येऊन बसले होते. लीलाबाई बाजार करायला गेल्या होत्या. गफूरभाई फोनवर एकेकाला विचारत होते आणि एकेक जण नाही म्हणत होता.

"गाडी कोन्ती हाय?" भगवानरावांनी विचारलं.

गफूरभाईंनी बाहेर बोट दाखवलं. भगवानराव उठले. टेम्पोभोवती एक फेरी मारली, चारही चाकांना पायानं ठोकलं, ऑइल पाहिलं, काच पुसली. मग बाजूचा आरसा धरून म्हणाले, "हा आरसा असा कोनं फिरवला? दाढी करते काय याच्यात?"

"मेरा भतीजा," गफूरभाई म्हणाले.

"सांगा त्याले. मांगचं काईच दिसून नाई राहिलं." आरसा त्यांनी नीट बसवला. "वरूडले ना? परतवाड्यावरून जातो. मोर्शीचा रस्ता मले पाठ हाय. उजाडाच्या आत निघू, ऊन लागाच्या आत माल खाली. ग्रेडरसाहेब, या इकडं, धरा."

त्यांचा आवाज वर चढला होता. मी मुकाट्यानं धरू लागलो. आम्ही गाद्या चढवल्या, एकावर एक, आणि त्यांनी तीन वेळा दोर बदलायला लावला. त्या गाद्या म्हणजे आमच्या दुकानातला सगळ्यात हलका माल. जुना, चार घरचा, पुन्हा पिंजलेला कापूस. मी त्यांच्यावर झोपून पाहिलंसुद्धा नव्हतं.

शेवटची गाठ मारून भगवानराव वरच उभे राहिले. आभाळाकडे पाहिलं, जांभई दिली. "सकाळी लवकर निघा लागते," ते स्वतःशीच म्हणाले. "जरासं अंग टाकतो." आणि सावलीतल्या गाद्यांच्या ढिगावर आडवे होऊन त्यांनी काळा हात डोळ्यांवर घेतला.

मी खाली उभा होतो. आधी वाटलं, नेहमीसारखेच पडले असतील. मग श्वास ऐकू आला. आयुष्यात मी अगणित धागे ओढून पाहिले, पण असा धागा हाताला लागला नव्हता: लांब, सारखा, कुठं गाठ नाही, कुठं तूट नाही, ओढावा तितका येतच राहणारा. मी गफूरभाईंना खूण केली. ते दारात आले, वर पाहिलं, आत गेले आणि त्यांनी यंत्र बंद केलं. दुपारच्या वेळी ते यंत्र बंद झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घरघर थांबली आणि हवेत उडालेला कापूस हळूहळू खाली येऊ लागला. टेम्पोवर, दोरांवर, भगवानरावांच्या छातीवर. छाती वर-खाली होत होती आणि तिच्यावरचा पुंजका तिच्याबरोबर वर-खाली होत होता. सगळी गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी झाली.

पिशवीतून बाहेर डोकावणारी मेथी घेऊन लीलाबाई आल्या. मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी दुकानात पाहिलं, मग टेम्पोवर पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि पदराचं टोक तोंडात धरलं. गफूरभाई त्यांच्या जवळ जाऊन अगदी हळू म्हणाले, "कल सुबह वरूड जाना है उनको. माल लेके."

तेवढ्यात मागून एक ऑटो आला. टेम्पोनं अर्धी गल्ली अडवली होती. ऑटोवाल्यानं हॉर्न दाबला तो दाबूनच धरला. भगवानराव कुशीवर वळले. लीलाबाई गर्रकन फिरल्या, आणि बसस्टँडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या:

"ए बावा! हॉर्न बंद कर! सकाळी ड्युटी हाय यायची!"